दोन तोंडांचं खोकं

भिंगकाकांचं एका गोष्टीवर ठाम मत होतं. माणसाला फार प्रश्न विचारू नयेत. दोन गोष्टी समोर ठेवाव्यात आणि 'ही बरी की ती?' एवढंच विचारावं. चष्म्याच्या दुकानात त्यांनी आयुष्यभर हेच केलं. गिऱ्हाइकाचा चेहरा यंत्राला टेकवायचा, एक काच फिरवायची, मग दुसरी, आणि मऊ आवाजात विचारायचं. त्यात त्यांची एक लबाडीही होती. मधूनच ते काच बदलल्याचा नुसता खट्ट आवाज करायचे आणि तीच काच पुन्हा दाखवायचे. गिऱ्हाईक 'दोन्ही सारख्याच' म्हणालं तर माणूस भरवशाचा. 'ही केवढी स्पष्ट' म्हणालं, तर ओळखायचं की स्वारी मनाचंच सांगतेय. मग काका 'ठीक आहे' म्हणायचे, पुढचा नंबर आपल्या अंदाजाने काढायचे आणि समोरच्याला ताकास तूर लागू द्यायचे नाहीत.

दुकान विकून ते घरी बसले, तेव्हा घरात विचारायला एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे ताई. ताई त्यांच्याहून बरीच मोठी. लग्न केलं नाही, गाणं शिकवलं. काकू गेल्यावर ती आपलं सामान घेऊन भावाकडे राहायला आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने पुढची खोली बळकावली. तिथे रोज दुपारनंतर तिचा वर्ग भरायचा. अख्खी गल्ली ज्यांना भिंगकाका म्हणायची त्यांना ती 'छोट्या' म्हणायची, आणि विद्यार्थ्यांसमोरही म्हणायची. काका वरवर कुरकुरायचे.

ताई शिकवताना एकही वाद्य घ्यायची नाही. सूर कानातून काढायचा, यंत्रातून नाही, असा तिचा हट्ट होता. म्हणजे कोण चढलं, कोण घसरलं, याचा निवाडा करायला त्या खोलीत एकच गोष्ट होती, ताईचा कान. आणि त्या कानाबद्दल तिने स्वतःशी एक ठरवून टाकलं होतं. तिच्या स्वतःच्या बाईंना उतारवयात ऐकू येईनासं झालं होतं. बाईंना ते कळलं नाही, आणि मुली मुद्दाम बेसूर गाऊन तोंडावर पदर धरून हसायच्या. त्या हसणाऱ्या मुलींत ताई होती. "ज्या दिवशी माझा कान मला फसवेल त्या दिवशी वर्ग बंद," असं ती अगदी भाजी निवडताना सांगावं तसं सांगायची. "दुसऱ्या कोणी येऊन सांगायची वाट बघणार नाही."

खोक्याचं खूळ निघालं ते तिच्यामुळेच. ती मुलांचं गाणं फोनवर टिपून घ्यायची आणि सकाळी एकटी बसून ऐकायची. पण फोनच्या त्या चिमुकल्या तोंडातून सगळी मुलं सारखीच किरकिरायची. एक दिवस वैतागून ती म्हणाली, "यातून कोणाचं काय चुकतंय ते देवाला तरी कळेल का?"

"मी करून देतो तुला स्पीकर," काका म्हणाले.

"तू? तुला भिंतीत खिळा ठोकता येत नाही."

झालं, एवढं पुरे होतं. दुसऱ्याच दिवशी काका भंगारवाल्याकडून एक मोठा स्पीकर घेऊन आले. कुठल्यातरी बंद पडलेल्या सभागृहातला, कागदी पडद्याचा, ताटाएवढा, वजनाला चांगलाच. दुसरा एक नवा आणला, बटणाएवढ्या रेशमी घुमटाचा. मोठा खालचे जाड सूर काढणार, छोटा वरचे बारीक. कागदावर हे इतकं सोपं दिसत होतं, की काकांनी त्या दिवशी ताईला दोनदा समजावून सांगितलं आणि तिने दोन्ही वेळा 'हं' केलं.

मग त्यांनी इंटरनेटवर वाचायला घेतलं आणि तिथून त्यांच्या डोक्याचं जे भजं झालं ते झालंच. खोकं केवढं हवं? एक म्हणे मोठ्या स्पीकरला ऐसपैस जागा द्या, दुसरा म्हणे जागा दिलीत तर तो ढुमढुम करत सुटेल. मागे भोक पाडून नळी बसवावी की खोकं हवाबंद ठेवावं? आत लोकर भरावी की नुसती भिंतींना चिकटवावी? प्रत्येकाकडे आकडे होते आणि कुणाचेही आकडे दुसऱ्याशी जुळत नव्हते. सगळ्यात वाईट म्हणजे वाटणीचा प्रश्न. कुठल्या सुरापर्यंत मोठ्याने गायचं आणि कुठून छोट्याने सुरू करायचं, हे ठरवायला मध्ये तांब्याच्या तारेचं एक वेटोळं आणि एक कपॅसिटर घालतात. पण सुरीने कापावी तशी ही वाटणी होत नाही. मधल्या थोड्या पट्ट्यात दोघंही गात राहतात, आणि माणसाच्या बोलण्यातले शब्द नेमके त्या पट्ट्यातच उमटतात. त्यात पुन्हा निम्मी मंडळी म्हणत होती की छोट्याच्या दोन तारा सरळ जोडा, आणि निम्मी म्हणत होती की उलट्या जोडा, नाहीतर पस्तावाल.

काका इतके बुचकळ्यात पडले, की एकदा त्यांनी चहात साखरेऐवजी फर्निचरला लावायची पावडर घालायला डबा उघडला. ताईने वेळेवर हात धरला म्हणून बरं.

शेवटी ज्या गोष्टी पुस्तकातून सुटत नाहीत त्या माणूस अनुभवातून सोडवतो, तसं काकांनी केलं. अनुभव म्हणजे ताईबरोबर राहण्याचा. दोघांचे स्वभाव भिन्न, एक जाडा, सुस्त आणि मोठ्या आवाजाचा, एक किरकोळ आणि चटपटीत. अशा दोघांना एका घरात नांदवायचं तर मध्ये अंतर हवं. म्हणून त्यांनी मोठा अगदी तळाला ठेवला, छोटा अगदी माथ्याला, आणि मध्ये हातभर कोरी फळी सोडली. दिसायलाही ते त्यांना रुबाबदार वाटलं.

मिस्त्रींनी प्लायवूड कापताना नकाशा उलटसुलट करून पाहिला. "काका, मध्ये एवढी मोकळी जागा? तिसरा कोणी राहायला येणार आहे का?"

"तुम्ही भोकं पाडा हो," काका म्हणाले.

खोकं तयार झालं, पॉलिश वाळलं, पुढच्या खोलीत एका बुटक्या टेबलावर त्याची स्थापना झाली. तारा सरळ की उलट हा वाद मिटवायला काकांनी खोक्याच्या मागे एक बटण बसवलं. एका बाजूला दाबलं की सरळ, दुसऱ्या बाजूला की उलट. आता फक्त विचारायचं होतं, आणि विचारणं हा तर त्यांचा हातखंडा. त्यांनी ताईला समोरच्या खुर्चीत बसवलं, दोन वेण्या घालणाऱ्या एका मुलीचं गाणं लावलं आणि स्वतः खोक्यामागे जाऊन बसले.

"काय वाटतं?"

ताईने डोळे मिटून ऐकलं. "छान रे. वेणीवाली अगदी समोर येऊन बसली. तिचा श्वाससुद्धा ऐकू येतोय." आणि थोडं थांबून, "तू केलंस हे? खरंच?"

काकांची छाती खोक्याएवढी झाली. तेवढ्यात आत किटली शिट्टी मारायला लागली. ताई चहा घेऊन परत आली, कप गरम होता म्हणून खुर्चीच्या पाठीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "हं, लाव दुसरं."

आता हातच सवयीचे, त्याला ते तरी काय करणार? काकांनी बटण खट्ट करून पलीकडे नेलं आणि लगेच खट्ट करून परत आणलं. म्हणजे बदललं काहीच नाही. तेच गाणं पुन्हा लावलं.

"आणि आता?"

"आता नाही बरं," ताई म्हणाली. "आता ती भिंतीपलीकडून गातेय. आवाज आहे, पण शब्दांच्या कडा गेल्या."

काकांना वाटलं, आपल्याकडूनच काही चुकलं. त्यांनी वाकून बटण पाहिलं. होतं तिथेच होतं. पुन्हा दोनदा खट्ट केलं, पुन्हा गाणं लावलं. इकडे ताईचा चहा संपला होता, ती खुर्चीत बसली. "हे बरं. हे पहिल्यासारखं," ती म्हणाली.

काकांनी बटणावरचा हात काढून घेतला. एकाच गोष्टीला तिने वाईट म्हटलं होतं, मग चांगलं म्हटलं होतं, आणि दोन्ही वेळा ठामपणे. दुकानात असं झालं की काय समजायचं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. हल्ली स्वयंपाकघरातून ती 'काय म्हणालास?' असं विचारते, तेही आठवलं. अशा वेळी नको त्या सगळ्या गोष्टी रांग लावून आठवतात.

"ठीक आहे, ताई," ते म्हणाले.

ताईने कप खाली ठेवला. "छोट्या, हा तुझा दुकानातला आवाज आहे."

"म्हणजे?"

"माझा पहिला चष्मा तूच केलास. मला माहिती आहे तुझी ती खटखट. तू आत्ता काही बदललंच नव्हतंस ना?"

खोटं बोलायची तयारी काकांची होती, पण ताईकडे बघून त्यांना कधी खोटं बोलता आलं नव्हतं. त्यांनी मान हलवली.

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

ताई उठली, कप धुतला, पालथा घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सगळ्या पालकांना फोन करून सांगितलं, की वय झालं, आता वर्ग थांबवतेय. आवाजात काही नव्हतं. काका दाराआड उभे राहून ऐकत होते आणि त्यांना स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

ते तिला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. तिथे तिला काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या. डॉक्टर म्हणाले, "वयाच्या मानाने उत्तम." काकांनी त्यातलं 'उत्तम' ऐकलं आणि ताईने 'वयाच्या मानाने'. परतीच्या वाटेवर त्यांनी परोपरीने समजावलं. ती म्हणाली, "अरे, सुराला वयाचं मान नसतं. आणि शिट्टी ऐकू येणं वेगळं. तू मला एकच गोष्ट तीनदा ऐकवलीस आणि मी दोन वेगळी उत्तरं दिली. हे तुझ्या डॉक्टरने विचारलं होतं का?"



पुढच्या खोलीत आता दुपारी कोणी येईना. ताई तिथली चटई गुंडाळून ठेवत होती, पुन्हा पसरत होती. आणि काकांच्या डोक्यातला गोंधळ काही केल्या बसेना. ताईच्या कानात दोष असेल, तर ती पलीकडच्या खोलीतून नळाचा थेंब कसा ऐकते? नसेल, तर ती तसं का बोलली? मनाचंच सांगणाऱ्यांपैकी ती नव्हती. तिच्यासारखं तोंडावर सांगणारं माणूस त्यांनी दुसरं पाहिलं नव्हतं. मग दोष खोक्यातच असला पाहिजे. माणूस आपल्या हाताने केलेली वस्तू चांगली निघावी म्हणून देव पाण्यात घालतो. काकांनी ती बिघडलेली निघावी म्हणून घातले.

पण खोकं काही केल्या बिघडेना. त्यांनी मागची फळी उघडली, लोकर उपसली, एकेक सांधा हलवून पाहिला. सगळं घट्ट. एका बुटक्या स्टुलावर खोक्यासमोर बसून त्यांनी वेणीवालीचं गाणं इतक्या वेळा ऐकलं, की ते त्यांना झोपेतही म्हणता आलं असतं. प्रत्येक वेळी ती समोर येऊन बसायची. एकदाही भिंतीपलीकडे गेली नाही. म्हणजे खोकं निर्दोष, आणि हे कळून आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या कामाचा राग आला.

अशाच एका सकाळी गाणं सुरू असताना त्यांच्या गुडघ्यात कळ आली. गुडघा मोकळा करायला ते स्टुलावरून उठले, आणि वेणीवाली भिंतीपलीकडे गेली.

काकांना वाटलं, तार निसटली. बघायला खाली बसले. मुलगी परत समोर. हे काय आता? उठले, ती गेली. बसले, ती आली. अर्धवट उठून वाकलेल्या अवस्थेत थांबले, तर ती दाराच्या उंबऱ्यावर असल्यासारखी झाली. त्यांना काही म्हणजे काही कळेना. घामाघूम होऊन ते खाली-वर करत राहिले.

"उठाबशा कशाला काढतोयस?" ताई दारात उभी होती. "शिक्षा कोणी केली?"

"ताई, इथे ये. या स्टुलावर बस."

"मला नाही ऐकायचं ते."

"बस ग. एकदाच."

ती बसली. मग काकांनी तिला उभं राहायला सांगितलं. ती उभी राहिली, आणि तिची मान किंचित वळली. कोणी सूर सोडला की वळायची तशीच. ती आपणहून बसली. पुन्हा उभी राहिली. गाणं संपेपर्यंत तिचं तेच चाललं होतं.

"त्या दिवशी मी चहा घेऊन उभी होते," ती म्हणाली.

"हो."

तोवर काकांच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती, आणि प्रत्येक गोष्ट बसताना टोचत होती. "मधलं गाणं दोघं मिळून गातात," ते सांगू लागले. "खाली बसलं, की दोघांचा आवाज कानाशी एकदम पोचतो. उभं राहिलं, की मोठ्याचा वाटेत जरा मागे पडतो. मग दोघं एकमेकांना खोडतात. जवळजवळ बसवले असते तर एवढं झालं नसतं. मी एकाला माथ्यावर नेऊन ठेवला आणि एकाला पायाशी. आणि दुकानात कसं, चेहरा यंत्राला टेकलेला असतो ग. तिथे कोणी मध्येच उठून उभं राहत नाही. माझ्या मनातच आलं नाही, की तू..."

"म्हणजे मला दोन्ही वेळा बरोबर ऐकू आलं."

"अगदी बरोबर. मला कळलं नसतं इतकं बरोबर."

ताई खुश होईल असं त्यांना वाटलं होतं. निदान चार शब्द सुनावेल, 'तू मेल्या लहानपणापासून असाच' असं काहीतरी म्हणेल. ती स्टुलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"पन्नास वर्षं या कानाने काम केलं," ती म्हणाली. "आणि तू दोनदा खट्ट केलंस, तर मी त्याचं ऐकलं नाही, तुझं ऐकलं. मी वाटच बघत होते रे. कधी एकदा तसं होतंय याची."

काकांना रडू आलं आणि त्यांनी ते नाक शिंकरून कसंबसं मारून नेलं.

फोनवर हे सगळं सांगणं त्यांना पटलं नाही. ते घरोघर गेले. 'चूक माझ्या खोक्याची होती, ताईंचा कान खणखणीत आहे,' असं प्रत्येक दारात उभं राहून सांगितलं. काही मुलं तोवर दुसरीकडे जाऊ लागली होती आणि त्यांच्या आया अवघडून 'बघू' म्हणाल्या. काहीजण यायला तयार झाले. मिस्त्रींनी नवी पुढची फळी कापून दिली, कडेला कड भिडेल इतके दोन्ही स्पीकर जवळ आणले आणि म्हणाले, "तिसरा आला नाही वाटतं?" काकांनी ते मुकाट्याने ऐकून घेतलं.

पहिल्या दिवशी चौघं आली. वेणीवाली त्यात होती. ताईने चटई पसरली, पाठ ताठ केली, नेहमीसारखी सगळ्यांवर एक नजर फिरवली. काका कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. त्यांना इतका आनंद झाला होता, की हातातला पेपर उलटा आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

वेणीवालीने एक ओळ म्हटली. लांब, वर चढत जाणारी ओळ. ती थांबली आणि ताईकडे बघू लागली.

 एरवी मुलांचा श्वास संपायच्या आत ताईचा निकाल लागलेला असायचा. आज तिने ओळ पुन्हा म्हणायला सांगितली. मुलीने म्हटली. ताईने तोंड उघडलं, मिटलं, आणि हळूच मान कोपऱ्याकडे वळवली.

"छोट्या," ती म्हणाली, "शेवटाला घसरली का रे ती?"

आयुष्यात ताईने त्यांना सुरातलं काही विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतंच. मुलं त्यांच्याकडे बघत होती. ताईही बघत होती, आणि तिच्या नजरेत जे होतं ते त्यांनी दुकानात हजारदा पाहिलं होतं, काचेमागून विचारणाऱ्याकडेच उत्तर शोधणारे डोळे. मुलगी घसरली की नाही, त्यांना खरोखर कळलं नव्हतं. हो म्हणता येत नव्हतं, नाही म्हणता येत नव्हतं. आणि त्यांनी काहीही म्हटलं असतं, तरी ताईने आता ते मानलं असतं.

त्यांनी पेपरची घडी केली. उठले, आतल्या खोलीत गेले आणि मधलं दार लोटून घेतलं.

पलीकडे एक मुलगा खाकरला. काका कडीवर हात ठेवून उभे होते. पुढच्या खोलीत जाऊन काहीतरी बोलावं असं त्यांना दोन-तीनदा वाटलं, पण त्यांनी दार उघडलं नाही.

"पुन्हा म्हण," ताईचा आवाज आला.

ओळ पुन्हा वर चढली, थांबली.

"घसरतेयस," ताई म्हणाली. आवाज कापत होता. "शेवटचा सूर खाली जातोय. माझ्याबरोबर म्हण."